स्नान, न्हाणे आणि आंघोळ

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात आंघोळीवर लेख यावा, हे काही सभासदांस जरा चमत्कारिक वाटेल. राजघराणे, नाटकमंडळ्या, मराठी शाळा यांविषयी लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ आहेत; प्रस्तुत लेखकाने हा घरगुती विषय मुद्दामच निवडला. माणसाने किती वेळा अंग धुवावे, हा प्रश्न आज आपण डॉक्टरला विचारतो. शंभर-सव्वाशे वर्षांमागे तो भटजींना, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आणि सर्वांच्या आधी विहिरीला विचारावा लागे. आणि विहिरीचे उत्तर सर्वांना सारखे नसे.

आपल्या भाषेत या एका क्रियेला तीन शब्द आहेत आणि तिन्हींचा अर्थ निरनिराळा आहे. ‘स्नान’ हा धर्माचा शब्द. ते संध्येपूर्वी, पर्वकाळी, ग्रहण सुटल्यावर, सुतक फिटल्यावर करायचे. त्याचा मळाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. ‘आंघोळ’ रोजची, अंगावरून पाणी घेण्याची. ‘न्हाणे’ म्हणजे डोक्यावरून, केस धुऊन, तेल-उटणे-शिकेकाईसह. मुलीला पहिल्यांदा विटाळ आला की ‘न्हाण आले’ म्हणत. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्यासाठी वेगळी बाई येई. पुरुषांच्या तोंडी हा शब्द फारसा नसे, कारण त्याच्यामागे असलेले काम बायकांचे होते. ज्याची आंघोळ व्हायची आहे तो ‘पारोसा’. त्याने देवाला, लोणच्याच्या बरणीला, धुतल्या सोवळ्याला हात लावायचा नाही. पाणी अंगाला लागले न लागले अशी आंघोळ म्हणजे काकस्नान. इतके बारकावे ज्या भाषेत साठले आहेत, तेथे सकाळचा पहिला प्रहर कशात जात असेल हे वेगळे सांगायला नको.

रोज स्नान हा आपल्याकडील अनादी आणि सार्वत्रिक नियम होता, अशी एक ठाम समजूत आहे. युरोपीय लोक आठवड्यातून एकदा अंग धुतात आणि आपण रोज, असे सांगताना आपल्या मागच्या पिढीला एक सात्त्विक समाधान लाभत असे. समजूत अगदी निराधार नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात गरम पाण्याने अंगाची रंध्रे उघडतात व रोग आत शिरतो अशी भीती होती, आणि पाण्याऐवजी अंगातला तागाचा सदरा बदलणे हीच स्वच्छता मानली जाई. परंतु आपल्या शास्त्रकारांनी नेमके काय म्हटले आहे ते पाहिले की चित्र पालटते. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात स्नानावरची वचने एकत्र केली आहेत. त्यांत नित्य, नैमित्तिक, काम्य, क्रियांग, मलापकर्षण आणि क्रियास्नान असे प्रकार सापडतात. अंगावरचा मळ काढण्यासाठी करावयाचे, म्हणजे तेल-उटणे लावून करावयाचे स्नान हा त्यांतला केवळ एक प्रकार. बाकीच्यांचे प्रयोजन निराळे.

याहून लक्षणीय आहेत त्या सवलती. ज्याला पाण्यात उतरून ‘वारुण’ स्नान करता येत नाही त्याच्यासाठी मंत्राचे स्नान आहे, अंगाला माती लावण्याचे भौम आहे, भस्माचे आग्नेय आहे, गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीचे वायव्य आहे, उन्हात पडणाऱ्या पावसाचे दिव्य आहे, आणि यांपैकी काहीही नसेल तर विष्णूचे नुसते चिंतन केल्याने होणारे मानस स्नान आहे. अशक्त माणसाने डोके न भिजवता खालचे अंग धुतले अथवा ओल्या वस्त्राने सर्वांग पुसले तरी स्नान झाले असे मानीत. त्याला ‘कापिल’ असे नाव आहे. आजारी माणसाला स्नान करणे प्राप्तच झाले, तर निरोगी माणसाने दहा वेळा स्नान करावे, दर वेळी येऊन आजाऱ्याला स्पर्श करावा, म्हणजे आजारी शुद्ध होतो, अशीही योजना स्मृतीत आहे. वचन वाचताना हसू येते, पण त्यामागची कणव नजरेआड करता येत नाही. वैद्यकाचेही तेच. वाग्भटाने स्नानाचे गुण गायले. कंड, मळ, श्रम, घाम, तंद्रा जाते म्हणून सांगितले. आणि लगेच अतिसार, पडसे, अजीर्ण, नेत्ररोग, कर्णरोग असताना व जेवणानंतर स्नान वर्ज्य केले. ऊन पाणी खालच्या अंगाला बळ देते, डोक्यावर घेतल्यास केसांचे व डोळ्यांचे बळ हरते, हा त्याचाच सल्ला. आजी डोक्यावर कढत पाणी ओतू देत नसे, ते यामुळेच.

तेव्हा कडकपणा आला तो ग्रंथांतून कमी आणि घरांतून अधिक. आणि घरातला कडकपणा ज्याच्या जोरावर चाले ती वस्तू म्हणजे पाणी.

दहा माणसांच्या एका मध्यम घराचा हिशेब मांडून पाहावा. माणशी दोन घागरी धरल्या तरी नुसत्या आंघोळीला वीस घागरी झाल्या. स्वयंपाक, भांडी, धुणे, गुरे वेगळी. वाड्याच्या चौकात आड असेल तर रहाट ओढावा लागे. नसेल तर नदीचा घाट किंवा गावची विहीर. ज्यांना परवडे त्यांच्याकडे पाणक्या येई. एरवी कमरेवर घागर आणि डोक्यावर हंडा घेऊन सुना-मुली पहाटेपासून खेपा घालीत. सोवळ्याचे पाणी ओलेत्याने भरायचे असल्याने ते पाणक्याने आणलेले चालत नसे, म्हणजे कष्ट वाढलेच. घरातले कर्ते पुरुष ‘रोज पहाटे स्नान करून’ पूजेला बसत, असे वर्णन चरित्रग्रंथांतून आपण कौतुकाने वाचतो. त्यांच्या घंगाळात पाणी कोणी ओतले याचा उल्लेख त्या चरित्रांत सहसा नसतो.

ऊन पाण्याचा थाट आणखी निराळा. हिवाळ्यात बडोद्याची थंडी बोचरी. तेव्हा न्हाणीतल्या चुलवणावर पाण्याचा मोठा हंडा चढे. पुढे तांब्याचा बंब आला. उभे नळकांडे, त्याच्या मधोमध आरपार गेलेली दुसरी नळी, तिच्यात वरून लाकडाच्या ढलप्या, शेणी, नारळाच्या करवंट्या टाकायच्या. खाली जाळीतून राख पडे. भोवतालच्या पाण्याला मधल्या नळीची धग मिळे. बाजूच्या तोटीतून कढत पाणी घ्यायचे आणि जेवढे घेतले तेवढे गार पाणी वरच्या तोंडाने ओतायचे. हा नियम मोडणाऱ्याला घरात क्षमा नसे, कारण पाण्यावाचून बंब तापला तर त्याचे डाग निखळत. अतिकढत पाण्यात गार पाणी घालून ते सोसवेल असे करायचे, त्या गार पाण्याला ‘विसण’ हा सुंदर शब्द होता. विसण किती घालायचे हे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या कोपराला कळे. गीझर आला आणि एका फिरकीने विसण शब्दकोशात जाऊन बसले. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडेही हेच यंत्र ‘बंबो’ या नावाने होते. मराठीत आग विझवणारा तोही बंब आणि पाणी तापवणारा तोही बंब, ही गंमत आहेच. आमच्या लहानपणी बंब घासण्याचे काम मुलांकडे असे. चिंच आणि राख, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी तो आरशासारखा झाला पाहिजे ही अट.

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान हे या सर्व व्यवस्थेचे शिखर. तिळाचे तेल अंगात जिरवायचे, मग आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा यांचे उटणे. तेल आणि उटणे मळ काढते आणि त्वचेचा स्निग्धपणा राखते. या जोडीत साबणाला जागाच नव्हती. केसांना शिकेकाई आणि रिठे. हा सोहळा रोजचा नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. रोजची आंघोळ म्हणजे चार तांबे पाणी, पंचाने पुसणे आणि टाचांना वजरी.

आता बडोद्याच्या पाण्याकडे वळू. शहरात विहिरी होत्या, वावी होत्या, पुढे सूरसागर म्हणून ओळखला गेलेला चंदन तलाव होता. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव तर मराठे येथे येण्याच्या कितीतरी आधीची. पण वस्ती वाढली तसे हे पाणी अपुरे पडू लागले, आणि उथळ विहिरींच्या पाण्याबरोबर पटकीही येई. सयाजीराव महाराजांच्या हाती १८८१ साली पूर्ण अधिकार आले; १८८५ मध्ये आजव्याच्या जलाशयाचे काम सुरू झाले आणि १८९२ पासून तेथले पाणी नळाने शहरात खेळू लागले. शहराच्या पूर्वेस वीसेक किलोमीटरवरचे हे सयाजी सरोवर आजही शहराला पाणी पुरवते. मराठी वस्ती असलेल्या इतर शहरांत हाच पालट थोड्याफार अंतराने झाला. मुंबईला विहारचे पाणी १८६० मध्येच मिळाले होते. हैदराबादेत उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. इंदूरचा यशवंतसागर १९३९ चा.

नळाने प्रथम सोवळ्याची पंचाईत केली. तोटीत चामड्याची चकती असते, तेव्हा ते पाणी देवाला कसे चालावे, अशी कुरकुर मोठ्या शहरांत झाली होती. कुरकुर फार टिकली नाही; सोयीपुढे शंकेचे सहसा चालत नाही. पिण्याला नळ आणि पूजेला आड, अशी तडजोड मात्र बडोद्याच्या दांडियाबाजार-रावपुऱ्यातल्या काही वाड्यांत आमच्या आठवणीपर्यंत होती. दुसरा बदल अधिक खोल. पाणी घरात आल्यावर रोजची आंघोळ ही धर्मनिष्ठेची खूण राहिली नाही, ती केवळ सवय झाली. आणि ज्यांच्या घरी नळ नाही ते ‘अस्वच्छ’ ठरू लागले. सवय सोयीतून आली, आणि दोष मात्र माणसाच्या स्वभावाला चिकटला.

याच नळाचा एक उल्लेख मराठी बडोदेकराने विसरू नये असा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकून १९१७ साली ठरल्याप्रमाणे दरबारच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एक पारशी उतारशाळा होती. तेथे पारशी नाव लावून ते राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी त्या जागेचे वर्णन केले आहे : माडीवर एक लहान निजण्याची खोली आणि तिला लागून पाण्याचा नळ असलेली छोटी न्हाणी, बाकी सगळे मोठे अंधारे दालन. तो नळ आजव्याच्याच पाण्याचा असणार. महाराजांनी प्रजेसाठी आणलेले पाणी त्या न्हाणीत पोहोचले होते, पण महाराजांनीच परदेशी पाठवून शिकवलेल्या माणसाला त्या न्हाणीशेजारी राहण्याची मुभा नव्हती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले.

त्याच टिपणांत साताऱ्याच्या शाळेतली हकीकत आहे. इतर मुले तहान लागली की नळावर जात. यांना शिपाई येऊन तोटी उघडीपर्यंत थांबावे लागे. गावात परीट असून आणि त्याला देण्यास पैसे असूनही कपडे घरीच बहिणींनी धुवायचे. ज्यांना पाण्याच्या तोटीला हात लावू दिला नाही त्यांच्याविषयी ‘ते लोक आंघोळ करीत नाहीत’ असे म्हणणे किती सोपे होते, आणि ते किती वर्षे म्हटले गेले! जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो म्हणूनच केवळ दयेचा प्रकार नव्हे. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, पण प्रत्यक्ष ओंजळ भरण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर तळ्याची ‘शुद्धी’ झाली : एकशे आठ घागरी पंचगव्याच्या. पाण्याला पाणी लागल्याने ते विटाळते आणि शेण-गोमूत्राने शुद्ध होते, हे तर्कशास्त्र मांडणारी मंडळी रोज पहाटे स्नान करणारीच होती. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ ही तारीख आली.

साबणाची कथा त्या मानाने हलकी. शब्द मूळ अरबी. पोर्तुगीजांकडेही त्याचे भावंड आहे, आणि दोहोंपैकी कोणत्या वाटेने तो आपल्याकडे आला यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. विलायती साबणाच्या वड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरी बाजारांत दिसू लागल्या, पण त्यांत जनावराची चरबी असे. सोवळ्याच्या घरात त्या न्हाणीच्या उंबऱ्याशी अडकल्या. ही अडचण ओळखून आर्देशर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलांचा अंगाचा साबण काढला. म्हैसूर संस्थानाचा चंदनाचा साबणही त्याच काळातला. टाटांच्या तेलगिरणीचा ‘हमाम’ १९३१ चा. तुर्की-मोगली स्नानगृहाचे नाव, देशी कारखान्याची वडी आणि गिऱ्हाईक सदाशिव पेठेतले, असा तो संगम होता. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. साबण लावणे ही मग मळ काढण्याची नव्हे, तर सुंदर दिसण्याची क्रिया झाली. कारखान्यांना वडी रोज झिजायला हवी होती. तेव्हा रोज सर्वांगाला साबण हा नियम कोणत्याही स्मृतीत नसताना घरोघर रुजला. शिकेकाईची जागा शॅम्पूने घेतली, आणि तो शब्द तर आपलाच : हिंदीतल्या ‘चाँपना’चा, म्हणजे अंग चेपण्याचा, इंग्रज अवतार. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदाने इंग्लंडातील ब्रायटन येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नानगृह थाटून साहेबांना वाफारा आणि चंपी दिली, त्यामुळे तो तेथे विशेष चलनात आला. परत आला तो बाटलीतून.

मग किती वेळा अंग धुवावे? आजच्या त्वचारोगतज्ज्ञांचे म्हणणे ऐकले तर वाग्भटापासून ते फार दूर नाही. त्वचा स्वतःच्या तेलाचा एक पातळ थर राखते आणि किंचित आम्ल असते. वडीचा साबण अल्कधर्मी असतो. रोज दोनदा सर्वांगाला फेस चोळला की तो थर निघून जातो, अंग कोरडे पडते, खाज सुटते, आणि आपण त्यावर आणखी साबण लावतो. साबणाची खरी गरज काखा, जांघा, पाय आणि हात यांना. घाम फार येणाऱ्या उकाड्यात, शेतात वा कारखान्यात राबणाऱ्याला रोज पाणी घेणे हवेच, नाहीतर ओलसर घड्यांत गजकर्ण धरते; तेथेही अंग नीट कोरडे करणे पाण्याइतकेच महत्त्वाचे. थंडीत बसून काम करणाऱ्याची एखाद्या दिवशीची आंघोळ राहिली तर त्याच्या प्रकृतीला धोका नाही. उलट हात धुण्याकडे केलेले दुर्लक्ष मात्र महाग पडते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू एकदम घटले. त्याचे ऐकण्यास त्याच्या सहकाऱ्यांना मात्र बरीच वर्षे लागली. सर्वांगस्नान करून आलेला माणूसही हात न धुता ताटावर बसू शकतो, ही गोष्ट सोवळ्याच्या हिशेबात नीटशी बसत नव्हती.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात रोज येणाऱ्या आपल्या सभासदांपैकी पुष्कळ जण सत्तरीपलीकडचे आहेत. त्या वयात त्वचा मुळातच कोरडी होते. कढत पाणी आणि भरपूर साबण तिला सोसत नाही. एक दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने अंग पुसणे डॉक्टर अशांना सुचवतात. रुग्णालयांतल्या परिचारिका अंथरुणास खिळलेल्या माणसाचे अंग असेच पुसतात. कापिल स्नान ते हेच. शास्त्राने दिलेली ही सवलत घरातल्या रीतीने मात्र कधी मनापासून स्वीकारली नाही. म्हणून आजही एखादे आजोबा अंगात कणकण असताना, पारोसे राहण्याच्या लाजेने, पहाटे सर्वांच्या आधी ओल्या फरशीवर जाऊन उभे राहतात आणि भिंतीला हात टेकत तांब्या शोधतात.